सल्ला : सगळ्यांना घेऊन गायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी मिरजेत महिलांचं भजनी मंडळ चालवते. आम्ही सोळाजणी आहोत, पेटी-पखवाज आमचाच आहे. गल्लीत सेरेब्रल पाल्सी असलेली, व्हीलचेअरवर बसणारी एकोणीस वर्षांची मुलगी आहे. भजन ऐकू आलं की ती खुलते. मागच्या आळीतले एक अंध काका पेटी छान वाजवतात. आमच्यातल्या एकीचा अकरा वर्षांचा मुलगा ऑटिस्टिक आहे. तो चाली अचूक गुणगुणतो, पण झांज वाजली की कान दाबून पळतो. आणि आमच्याच एका ज्येष्ठ सदस्येला अर्धांगवायूनंतर बोलता येत नाही. या सगळ्यांना घेऊन गट सुरू करावा असं मनात आहे. देवळाचा सभामंडप फुकट मिळतोय. एका देणगीदाराने वीस हजार रुपये देऊ केलेत, त्यात कोणती वाद्यं घेऊ? तज्ज्ञ आणि नोंदणी लागेल का? मंडळातल्या काहीजणी म्हणतात, "ताल बिघडेल, स्पर्धेत हसं होईल." त्यांना काय सांगू?
– एक वाचक, मिरज

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचं पुढे सरकणार नाही. मैत्रिणींची धास्ती अगदीच बिनबुडाची नाही. स्पर्धेचं मंडळ वेग, सफाई आणि चढत्या लयीवर चालतं. तुम्हाला हवा असलेला गट या तिन्ही गोष्टी थोड्या सोडल्याशिवाय उभा राहत नाही. म्हणून दोन वार वेगळे ठेवा. स्पर्धेच्या तालमीचा वार आहे तोच राहू दे, नवा गट शनिवारी दुपारी साडेचारला घ्या. ज्यांना यायचं नाही त्यांना ओढून आणू नका. तोंड पाडून बसलेली एक बाई सगळ्या बैठकीचा रंग घालवते. मात्र दार दोन्ही बाजूंनी उघडं हवं. पेटीवाले काका उद्या स्पर्धेच्या मंडळातही वाजवू शकतात. थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवा लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झाल्यावर तुमच्याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. तेव्हा डोळ्यांचा आणि सुराचा संबंध मिरजेत तरी कुणी लावू नये.

आता जागा. सभामंडप फुकट असला तरी नको. पायऱ्या तर आहेतच, पण त्याहून मोठी अडचण चपलांची. पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावणाऱ्याला बूट काढून आत येता येत नाही, आणि व्हीलचेअरची चाकं मंडपात आली की कुणीतरी कुरकुरतंच. शिवाय मिरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होणाऱ्या गावात, सगळ्यांसाठीचा गट एकाच देवाच्या दारात भरवला तर काही घरं आपोआप बाहेर राहतात. शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग, वाचनालयाची खोली किंवा समाजमंदिर बघा.

बघायला जाताना मापाची टेप बरोबर न्या. दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी हवी. आत व्हीलचेअर गोल फिरवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी. उताराचं गणित साधं आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी. म्हणजे १५ सेंमीच्या एका पायरीला १.८ मीटरची फळी पुरते, पण तीन पायऱ्यांना साडेपाच मीटरच्या आसपास उतार लागतो आणि तो फळीने भागत नाही. "चौघं मिळून उचलू" हा तोडगा अजिबात स्वीकारू नका. उचलताना खुर्ची निसटते, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला दर शनिवारी चार जणांनी उचलणं तिला आवडेलच असं नाही. संडास स्वतः उघडून बघा, कारण पुष्कळजण केवळ त्याच एका अडचणीमुळे दुसऱ्यांदा येत नाहीत. जागा महापालिकेची असेल आणि उतार नसेल तर रीतसर अर्ज द्या. स्थानिक स्वराज्य संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो, आणि दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सांस्कृतिक आणि करमणुकीच्या कार्यक्रमांत सहभागाचं स्वतंत्र कलम (२९) आहे. अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

खोलीत मधोमध उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. आवाज घुमत राहिला तर जमिनीवर सतरंज्या, भिंतीवर जाड पडदे किंवा चादरी लागतील. फरशी आणि पत्र्याच्या खोलीत पखवाज आणि टाळ एकत्र वाजले की त्या मुलालाच काय, श्रवणयंत्र वापरणाऱ्या कुणालाही बसवत नाही.

बसायची रीत बदलावी लागेल. सगळ्या सतरंजीवर आणि मुलगी एकटी खुर्चीत उंचावर, असं झालं की ती गोलात असूनही गोलाबाहेर राहते. निम्म्याहून अधिक मंडळी खुर्च्यांवर बसवा, पखवाज चौकीवर चढवा. काही खुर्च्या हाताच्या हव्यात (अर्धांगवायू झालेल्यांना उठताना आधार लागतो), काही बिनहाताच्या, म्हणजे कोपर अडत नाही.

वीस हजारांतून वाद्यांची दुकानं भरू नका. आमच्या मते पहिले आठ हजार रिक्षासाठी बाजूला काढा : आठवड्याला पाचशे धरले तर सोळा शनिवार निघतात. असे गट सहसा वाद्यांवाचून अडत नाहीत, न्यायला-आणायला कुणी नाही म्हणून बंद पडतात. सहा हजार स्वरमंडळासाठी (पुष्कळ तारांचं, नुसता हात फिरवून छेडायचं वाद्य) ठेवा. नवं परवडलं नाही तर दुरुस्त केलेलं जुनं घ्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अशा गावात चांगला कारागीर शोधायला लांब जावं लागणार नाही. तीन हजार फळी, क्लॅम्प, फोम, वेल्क्रो यांना, एक हजार मोठ्या अक्षरांच्या छपाईला आणि दोन हजार अडीअडचणीला. टाळ, चिपळ्या, खंजिरी तुमच्याकडे आणि शेजारीपाजारी निघतीलच.

स्वरमंडळाचा एवढा आग्रह का, ते सांगतो. तुमची पट्टी काळी एक धरा, म्हणजे सा पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर. मग पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्या म्हणजे सा, रे, म, प, ध होतात, म्हणजे दुर्गा राग. स्वरमंडळ याच पाच सुरांत लावलं की कुणीही, कसाही हात फिरवला तरी सूर चुकत नाही. पेटीवरही काळ्या पट्ट्या उंच असल्याने त्या मुठीने किंवा हातातल्या दांडीने दाबता येतात, आणि न बघता चाचपूनही सापडतात. भाता दुसऱ्याने मारायचा. एका पेटीवर दोघं हा प्रकार मजेशीर असतो, करून बघा. अर्थात हे दुर्गातल्या चालींपुरतंच. इतर चालींना एकतारी फक्त सा मध्ये लावून द्या, तिची साथ कुठेही खपते.

काळी एकचा दुसरा फायदा आवाजाचा. चाल सा ते ध एवढ्यात फिरत असेल तर पुरुष खालच्या सप्तकात, बायका आणि मुलं वरच्या सप्तकात, सगळे सुखाने गातात. तुमच्या मंडळाची नेहमीची पट्टी काळी चार-पाच असेल तर पुरुषांची ओढाताण होईल. तार सा ला जाणाऱ्या चाली पहिले तीन महिने बाजूला ठेवा.

आता गाणं बसवायचं कसं, यात गटाचा खरा जीव आहे. सगळ्यांना एकच काम देऊन "जमेल तसं वाजवा" म्हणू नका. त्यात ज्याला जमत नाही तो पहिल्या दिवशीच ओळखू येतो. एकच गजर घ्या, आठ मात्रांचा भजनी ठेका घ्या आणि त्यात पाच-सहा निरनिराळ्या जागा तयार करा. एकाने फक्त समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, वाजवायचं. दुसऱ्याने पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. तिसऱ्याने दर मात्रेला टाळ. पखवाजवाल्याने पूर्ण ठेका, हवं तर त्याला लग्गीची (जलद बोलांची) मोकळीकही. गाणाऱ्यांतही तेच : कुणी पूर्ण ओळ, कुणी ओळीचा शेवटचा शब्द, कुणी नुसता "आ"चा भरणा. समेवर एकदाच वाजवणाऱ्याचं काम हलकं समजू नका. त्याच्यासाठी सगळे थांबतात, अशी चाल बसवा. ओळ संपली, दोन मात्रा शांतता, आणि मग त्याचा ठोका.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलीच्या बाबतीत एक बारकावा. वाजवायचं ठरवणं आणि हात हलणं यात तिला वेळ लागू शकतो. तुम्ही समेवर खूण केली तर तिचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडेल आणि सगळे म्हणतील, ताल कच्चा. लय मिनिटाला ८० मात्रा असेल तर एक मात्रा पाऊण सेकंदाची. तिला दीड सेकंद लागत असेल तर खूण सातव्या मात्रेवर करा, ठोका समेवर येईल. प्रत्येकाचा हा वेळ पहिल्या दोन बैठकांत मोजून वहीत लिहून ठेवा. लय सत्तर-ऐंशीच्या पुढे जाऊ देऊ नका. ती हमखास चढते, कारण तुमच्या मंडळाच्या हाताला चढती लय सवयीची आहे. लय धरायची जबाबदारी एकीवरच टाका, ती गाणार नाही.

तिच्यासाठी टाळ असा बांधा : तीस बाय वीस सेंमीची फळी, तिला मध्यभागी भोक, त्यातून टाळाची दोरी खाली ओवून गाठ. फळी आणि टाळ यांच्यामध्ये रबराची चकती घाला आणि दोरी किंचित सैल ठेवा. टाळाची कड फळीला टेकली किंवा दोरी आवळली तर नाद मरतो, नुसतं ठक् वाजतं. फळी सी-क्लॅम्पने तिच्यासमोरच्या टेबलाला लावायची. दांडीची जाडी तीन-चार सेंमी करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात ती काळी फोमची नळी एसी दुरुस्तीवाल्याकडे मिळते, ती कापून दांडीवर सरकवली की झालं. मनगटाला घुंगरू बांधायचा मोह मात्र आवरा. हात आपोआप हलत असेल तर घुंगरू सतत वाजत राहतात, आणि जे थांबवता येत नाही ते वाजवणं नव्हे. घुंगरांची माळ चौकटीला टांगा, तिला वाटेल तेव्हा ती तिला धक्का देईल.

मदत करताना तिचा हात वरून धरून वाजवू नका. वाजवणारी मग मदतनीस असते, मुलगी नाही. आपला हात खाली, तिचा वर. तिने हात काढला की थांबायचं.

अकरा वर्षांच्या मुलासाठी झांज पूर्ण बाद करा, निदान सुरुवातीला. त्याऐवजी चिपळ्या चालतील. त्याची जागा दाराजवळ, पखवाजापासून सगळ्यात लांब. हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यातले कामगार वापरतात ते कानावरचे मफ मिळतात, दोन आणून खुंटीला लावून ठेवा, लागेल तो घेईल. कार्यक्रमाचा क्रम चित्रांत काढून भिंतीवर लावा आणि झालेलं चित्र दर वेळी उलटं करा. क्रम बदलायचा असेल तर आधी सांगा. तो उठून बाहेर गेला तर मागे धावायचं नाही, आईने एक नजर ठेवली की पुरे. टाळ्यांचा कडकडाटही त्याला त्रासाचा असतो. दोन्ही हात वर करून हलवायची बधिर मंडळींची दाद तुमच्या गटात सुरू करा, सगळ्यांना आवडते.

ज्येष्ठ सदस्येबद्दल. अर्धांगवायूनंतर शब्द सापडेनासे झालेल्या माणसाला पाठ असलेलं गाणं बरेचदा शब्दांसकट गाता येतं, कारण चाल आणि पाठांतर मेंदूच्या बोलण्याच्या जागेवरच अवलंबून नसतं. तेव्हा त्यांच्यासाठी लहानपणापासून तोंडात बसलेलं काहीतरी निवडा, नवं नको. गाता आलं की घरचे लगेच म्हणतात, "आता तेच बोलून दाखवा." हे थांबवा, बाई हिरमुसतील. वाणीदोषतज्ज्ञांकडचे उपचार वेगळे, ते चालूच राहू देत. तुमच्या गटाला "संगीतोपचार" म्हणू नका. ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे. तज्ज्ञ नेमायची गरज नाही, पण एखाद्या फिजिओथेरपिस्टला पहिल्या महिन्यात एकदा बोलावून कोण कसं बसलंय एवढं तपासून घ्या. बैठक चुकली की हात उचलत नाही, आणि आपण समजतो ताल येत नाही.

अंध काकांना शब्द आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणून पाठवा, ओळ सावकाश, मध्ये थांबून. आणि बैठकीत नुसत्या खुणांनी काम चालवू नका, "आता थांबू" हे तोंडाने म्हणा. उलट उद्या ऐकू न येणारं कुणी आलं तर त्यांना ताल मोजतानाची हाताची टाळी-खाली (टाळी आणि रिकामा हात) स्पष्ट दिसायला हवी. आपल्या तालपद्धतीत ही सोय आयतीच आहे. त्यांना अनवाणी लाकडी चौकीवर, पखवाजाच्या शेजारी बसवा, ठोका पायाला कळतो. एव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळपास पूर्ण बधिर झाली होती. ती अनवाणीच वाजवते. शब्दांचे कागद छापाल ते ठळक, मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच गाणं. पेटीच्या पट्ट्यांवर रंगीत ठिपके लावणार असाल तर रंगाबरोबर आकारही बदला, सगळ्यांना रंग ओळखता येत नाहीत. फिनलंडमध्ये १९९०च्या दशकात रंग आणि आकारांची अशी स्वरलिपीच तयार झाली, ती बौद्धिक अक्षमता असलेल्यांना फार उपयोगी पडली आहे.

बोलता न येणाऱ्यासाठी मोबाइलही वाद्य होतो. ध्रुवपदाचा शेवट रेकॉर्ड करून ठेवा, स्पर्श केला की वाजेल. अँड्रॉइडमध्ये स्क्रीन पिन करायची सोय असते, ती चालू केली नाही तर दुसऱ्याच स्पर्शाला भलतंच काहीतरी उघडतं.

बैठक सव्वा तासाहून लांबवू नका : दहा मिनिटं प्रत्येकाचं नाव घेऊन नमस्काराचं गाणं, दहा मिनिटं आवाज मोकळा करणं, पंचवीस मिनिटं एकच गाणं, दहा मिनिटं चहा, पंधरा मिनिटं मोकळं वादन, आणि शेवटी पाच मिनिटं नेहमी तेच निरोपाचं गाणं. सुरुवातीला सगळे मिळून बारा ते सोळा जण, त्यात दर तीन-चार जणांमागे एक मदतनीस. बरोबर आलेल्या आयांनाही वाद्य द्या. बाकावर बसून लेकराकडे टक लावणारी आई त्याचा हात आखडवते.

माणसं बॅनर लावून येणार नाहीत. विशेष शाळेच्या बाई, फिजिओथेरपिस्ट, श्रवणयंत्राचा दुकानदार आणि वस्तीतल्या आरोग्यसेविका आशाताई यांना सांगा. चिठ्ठीवर "दिव्यांगांसाठी" लिहू नका. "सगळ्यांसाठी. पायरी नाही. खुर्च्या आहेत. गाता आलं नाही तरी चालेल," एवढं लिहा. येणाऱ्याकडून आजाराचं नाव नको, एक पानाची माहिती घ्या : काय आवडतं, कशाने त्रास होतो, कसं सांगितलं की कळतं, फिट येते का, कुणाला फोन करायचा. फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. कांदा-चप्पल हुंगवणं नाही, दातात चमचा घालणं नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

नोंदणी आत्ता नको. तिघींच्या सह्यांची एक हिशेबाची वही पुरे. पुढे मोठ्या देणग्या येऊ लागल्या की किमान सात जण मिळून संस्था नोंदवता येते.

पहिला जाहीर कार्यक्रम सहा महिन्यांच्या आत करू नका. आमंत्रणं येतील, विशेषतः ३ डिसेंबरला, कारण तो जागतिक दिव्यांग दिन आणि त्या एका दिवशी सगळ्यांना आठवण होते. कुणी बोलावलं की आधी विचारा : स्टेजला उतार आहे का, संडास कुठे आहे, ध्वनिव्यवस्था किती मोठी, फोटो कुठे टाकणार. फोटोला प्रत्येकाची परवानगी हवी, घरच्यांच्या परवानगीबरोबर त्या मुलीची स्वतःचीही. "कौतुकास्पद जिद्द" छापाचं निवेदन असेल तर निवेदन तुम्हीच लिहून द्या, त्यात फक्त गाण्यांची नावं आणि कोण काय वाजवतंय एवढंच. आणि दोन दिवस आधी त्याच स्टेजवर, त्याच वेळी, माइकसह एक तालीम मागून घ्या. ती द्यायला आयोजक तयार नसतील तर त्या वर्षी जाऊ नका.

– सल्ला सदर